कवळीकाकांचा चेहरा

ट्रेलर संपला आणि त्याला काहीच झालं नाही. म्हणजे अगदी काहीच नाही. घसा दाटला नाही, अंगावर काटा आला नाही, साधा सुस्कारासुद्धा निघाला नाही. समोर तिवईवर लावलेला मोबाइल त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, लॅपटॉपच्या पडद्यावर सिनेमाची तारीख येऊन विझली होती, आणि मागच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे रोजच्यासारखे दात विचकून बसले होते. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, मग त्या हिरडीवर बोट टेकवलं तर कळतं की इथे आपलंच काहीतरी आहे, पण लागत मात्र नाही. तसं त्याला छातीच्या मधोमध वाटलं. बरं, हा काही कोणी रस्त्याने जाणारा प्रेक्षक नव्हता. मुडद्यांच्या गोष्टीची ती तीन पुस्तकं ज्यांनी कोळून प्यायली अशा वेड्यांमधला हा महावेडा. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत या मागच्या खोलीत मोबाइलसमोर बसून त्या मुडद्यांबद्दल बोलायचं, असा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. मागचे जबडे बघून कुणीतरी त्याला कवळीकाका म्हटलं, ते नाव चिकटलं, आणि आता बारशाचं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. या पुस्तकांवर सिनेमा येणार, येणार म्हणून त्याने स्वतःचे केस पांढरे होऊ दिले. आणि आज तो आला, तर हा ढिम्म.

त्याने रेकॉर्डिंग मागे नेऊन बघितलं, आणि बघायला नको होतं असं त्याला वाटलं. पडद्यावर एक माणूस बसला होता. डोळे उघडे, गाल लोंबलेले, चेहरा मळून ठेवलेल्या कणकेसारखा. ट्रेलरमध्ये ओसाड शहर येत होतं, मुडद्यांची रांग येत होती, पुस्तकातल्या त्या मुलीचं घर येत होतं, आणि या बाबाच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीएक उमटत नव्हतं. ज्याची सगळे वाट बघत होते त्या दाराच्या प्रसंगापर्यंतही त्याच्याच्याने बघवलं नाही, त्याने मध्येच बंद केलं. मग त्याला ताईचं वाक्य आठवलं. आठवलं कसलं, ते कुठे गेलंच नव्हतं. दोन वर्षं ते घरातल्या गळक्या नळासारखं चालूच होतं, फक्त गडबडीत ऐकू येत नव्हतं एवढंच. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. माणसं येऊन बसून गेली होती, घर एकदम मोकळं झालं होतं, आणि हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी आईची कवळी उजेडात धरून उभा होता. ती त्यानेच बनवलेली. आईच्या तोंडाची ठेवण त्याला पाठ, त्यामुळे ती अशी बसली होती की आई ती घालून चणेसुद्धा फोडायची आणि शेजारणींना दाखवायची. त्याने ती धुतली, पुसली, फिरवून बघितली, आणि तोंडातून निघून गेलं, “उजवीकडची दाढ जरा झिजलीय. घासायला हवी होती.” ताई ओट्याला टेकून उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुला काहीच होत नाही का रे? आत कुणी आहे की मेलाबिलायस तू?” ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. त्याने कवळी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण नीट लावलं.

त्यानंतर भांडण असं झालंच नाही. दोघांची बोलाचाली बंद नव्हती, पण जी होती तिला बोलणं म्हणायला जीभ रेटत नाही. घराची चावी शेजारी ठेवलीय. बरं. भाचीची परीक्षा आहे. शुभेच्छा. असं सगळं, पोस्टाने आल्यासारखं. आणि तो मनात सारखा त्या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिला. आई गेली तेव्हा रडला नाही हे खरं. नंतरही रडला नाही हेही खरं. जेवण जात होतं, झोप येत होती, कामात चूक होत नव्हती. लोक म्हणाले, खंबीर आहे. तो आरशात बघायचा आणि त्याला वाटायचं, खंबीर नाही हो, रिकामा आहे. एकच आधार त्याने धरून ठेवला होता. ती पुस्तकं. कधीतरी सिनेमा येईल, ते दार पडद्यावर दिसेल, आणि तेव्हा तरी आपल्या आत काहीतरी हलेल. हलायलाच हवं. आणि नाही हललं, तर ताई म्हणाली तेच खरं. आज ते दार दिसलं होतं आणि हलण्याच्या नावाने शून्य.

त्यांच्या या पुस्तकवेड्यांच्या जमातीत एक रीत आहे, आणि ती फार कडक पाळतात. प्रतिक्रियेचा व्हिडिओ टाकायचा तो पहिल्या नजरेचा. दुसऱ्यांदा बघून पहिल्यांदा बघितल्याचा आव आणायचा नाही, मध्ये कापाकापी करायची नाही. असं करताना कुणी सापडला तर त्याची पार शोभा करतात. कवळीकाका तर या रितीचे भटजी. त्यांनी स्वतः दोघातिघांना धारेवर धरलं होतं. आणि आज कवळीकाकांनी मागच्या खोलीची कडी लावली, शर्टाची कॉलर सारखी केली, मोबाइल पुन्हा चालू केला आणि ट्रेलर दुसऱ्यांदा पहिल्यांदा बघितला. मुडद्यांची रांग आल्यावर डोळे मोठे केले. घर दिसल्यावर हात तोंडाशी नेला. दार आलं तेव्हा गालाची आतली बाजू दाढेखाली धरून अशी चावली की डोळ्यांत टचकन पाणी आलं. छान झालं होतं. बघणाऱ्याला शंका येणार नाही असं. त्याला स्वतःची किळस आली. हे रडणं म्हणजे कवळीच की, दिसायला खरी, हिरडीशी संबंध नाही. तेवढ्यात बाहेरून मालकांचा आवाज आला, “अहो, डॉक्टरांचा माणूस आलाय, ती वरची कवळी कुठाय?” त्याने घाईघाईत एक व्हिडिओ पुसला, दुसरा पाठवून दिला, तोंडात रक्ताची चव घेऊन बाहेर गेला आणि त्या माणसाच्या हातात डबा ठेवला.

दुपारभर तो मेणात दात बसवत होता. हे काम त्याला आवडायचं. एका अनोळखी माणसाचं रिकामं तोंड समोर असतं, त्यात एकेक दात मेणात रोवत जायचं, वरचा खालच्याला भेटतोय का बघायचं, आणि शेवटी त्या मेणात कुणाचंतरी हसू तयार होतं. आज मात्र हात चालत होते आणि डोकं भलतीकडे होतं. एव्हाना सगळे तुटून पडले असतील. त्यांची तोंडं त्याला न बघताही पाठ होती. एक म्हणेल, पुस्तकात दार हिरवं आहे, यांनी निळं केलं, वाट लावली सगळ्याची. दुसरा म्हणेल, मुडदे फार तरतरीत वाटतात, व्यायामशाळेतून आणलेत का. तिसरी म्हणेल, काही म्हणा, मी ढसाढसा रडले. आणि सगळे मिळून एका गोष्टीवर पेटलेले असतील, ती म्हणजे वाक्य. पुस्तकातले मुडदे धावत नाहीत, गुरगुरत नाहीत. ते फक्त आपल्या घरी परत येतात आणि दार वाजवतात. ज्याने उघडलं तो संपला. त्या लहान मुलीची मेलेली आई येऊन दार वाजवते, आणि मुलगी आतून म्हणते, “तू माझी आई नाहीस. पण बाहेर गार आहे, आत ये.” हे वाक्य लोकांनी शर्टांवर छापलंय, दंडावर गोंदवून घेतलंय. आणि ट्रेलरमध्ये ते नव्हतंच. मुलगी दाराशी येते, कडीकडे बघते, आणि अंधार. हा सगळा गदारोळ चालू असताना आपण मात्र गाल चावून रडलो, हे कुणाला कधी कळणार नाही, असं तो स्वतःला समजावत होता. कळणार नाही हे खरंच होतं, पण त्याला जे कळलं होतं त्याचं काय करायचं, ते समजत नव्हतं.

“काका, तब्येत बरी आहे ना?” पलीकडच्या टेबलावरच्या पॉलिशवालीने विचारलं. ही मुलगी चाकावर कवळ्या घासून चकचकीत करायची, कानात सदैव काहीतरी अडकवलेलं असायचं, आणि काकांची चेष्टा करणं हा आपला हक्क आहे असं समजायची. आज तिने चाक बंद केलं होतं.

“का? काय झालं?”

“नाही, तुमचा व्हिडिओ बघितला. असे काय बसलायत? मला वाटलं मोबाइलच अडकला.”

त्याच्या हातातला दात मेणात वाकडा गेला. त्याने तिच्या हातातून मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. तोच चेहरा. लोंबलेले गाल, कणकेचा गोळा. रडका व्हिडिओ पुसला गेला होता आणि मुडद्याचा जगभर गेला होता. हे कसं झालं, ते त्याला लगेच कळलं आणि हसावं की कपाळावर हात मारावा, तेच कळेना. जबड्याच्या मापात प्लास्टर दोनदा ओतलं तर पहिलं मॉडेल खरं, दुसरं थोडं का होईना पण बिघडलेलं, म्हणून पहिलं ठेवायचं आणि दुसरं फोडून टाकायचं. कामाला लागला त्या दिवशी शिकलेली गोष्ट. मालकांनी हाक मारली आणि हाताने डोक्याला न विचारता तेच केलं.

“द्या इकडे,” पॉलिशवाली म्हणाली. “बघू नका खालचं.”

पण बघायचं नाही म्हटल्यावर कोण थांबतं. त्याने खाली वाचायला सुरुवात केली. कवळीकाका आजारी आहेत का. काकांना गप्प बसायचे पैसे मिळाले वाटतं. सिनेमावाल्यांनी यांनाच घ्यायला हवं होतं, रंग फासायचाही खर्च वाचला असता. आम्ही रडून बेजार आणि हे बघा, आत कुणी आहे का. या शेवटच्यावर त्याचे डोळे अडकले. लिहिणारं कोणीतरी पोरगं असणार, त्याला काय माहीत. पण शब्द ताईचेच. म्हणजे आता हे ताईपुरतं राहिलं नव्हतं. भरचौकात, सगळ्यांनी बघून, एकमताने ठरवलं होतं. “काढूनच टाकतो हा व्हिडिओ,” तो म्हणाला. त्याने ठरवलं की हे सगळंच बंद करायचं आणि इथून पुढे फक्त दात बसवायचे. त्यात एक प्रकारची शांतताही होती. निदान आता शोधत बसायला नको.

“थांबा, काढू नका,” पॉलिशवाली आता त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होती. “हे बघा ना, हे काय म्हणतायत. कुणीतरी हळू करून टाकलंय. दार येतं तिथे तुमचे ओठ हलतायत.”

“कोणाचे?”

“माझे नाही, तुमचेच.”

तिने ते लावून दिलं. हळू केलेलं असल्यामुळे सगळं पाण्याखाली असल्यासारखं चाललं होतं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मुलगी दाराशी आली, कडीकडे बघायला लागली. चेहरा तसाच, डोळे तसेच. आणि ओठ हलले. फार नाही. झोपेत बोलणाऱ्या माणसाचे हलतात तेवढेच, पण नीट, सावकाश, अक्षर न चुकवता. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा हलले. खाली जत्रा भरली होती. काकांनी वाक्य म्हटलं, यांनी गाळलं ते काकांनी पुरं केलं. अरे, आपण ओरडत बसलो आणि हा माणूस आतल्या आत म्हणून गेला. मी आता परत रडतेय. छे, ते वाक्य नाहीच, ओठ जुळत नाहीत, चिंगम खातायत. जुळतात. नाही जुळत. एकाने तर दोन्ही शेजारी लावून दाखवलं होतं की पुस्तकातलं वाक्य यापेक्षा लांब आहे. त्या एकाचंच बरोबर होतं. ते पुस्तकातलं वाक्य नव्हतं. काय होतं ते त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि जबड्यांच्या फळीखाली जमिनीवरच बसला.

तो नऊ वर्षांचा होता आणि आई हॉस्पिटलमध्ये होती. किती दिवसांसाठी ते कुणी सांगत नव्हतं. वडील घर आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये कुठेतरी असायचे. ताई पंधरा वर्षांची, एकाएकी घरातली मोठी बाई झालेली. तिला पोळी नीट भाजता येत नव्हती, पण जेवणानंतर त्याला शेजारी घेऊन ती हे पुस्तक मोठ्याने वाचायची. एवढ्या लहान मुलाला मुडद्यांचं पुस्तक वाचून दाखवतात का, असा शहाणपणा सांगायला घरात कोणी नव्हतं, आणि दोघांना ते फार आवडत होतं. मुडदे आले की तो पाय वर घ्यायचा आणि ताई त्याच्या तळपायाला गुदगुल्या करायची. मग ते दार आलं. ताई वाचता वाचता थांबली. तिने पुढचं पान डोळ्यांनी आधी वाचलं असणार. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि ती अजिबात न अडखळता वाचू लागली: मुलगी आतून म्हणाली, “जाऊ नकोस. चावी इथेच कुठेतरी आहे.” आणि मग मुलीला चावी सापडली, आई आत आली, दोघी जेवल्या आणि झोपल्या. एवढं वाचून ताईने पुस्तक मिटलं. चौदाव्या वर्षी त्याने स्वतः ते पान वाचलं तेव्हा तो भडकला होता, खोटारडी म्हणाला होता, आणि ताई म्हणाली होती, “मग काय, रात्रभर तू माझ्या डोक्याशी बसला असतास.” त्यानंतर त्याने खरं वाक्य पाठ केलं, लोकांना ऐकवलं, त्यावर तासतासभर बोलला. खोटं वाक्य विसरून गेला. निदान त्याची तशी समजूत होती. पण आई घरी आली तो दिवस तो कसा विसरला होता? ताई दुकानात गेली होती, वडील खाली गाडीतून सामान काढत होते, आणि दार वाजलं. त्याने फटीतून बघितलं. बाहेर एक बाई उभी होती. डोक्यावर केस नव्हते, गाल आत गेलेले, कपडे खांद्यावरून ओघळत होते. आईचे कपडे. त्याला इतकी भीती वाटली की पळून पलंगाखाली जावंसं वाटलं. आणि त्याच्या तोंडून आपोआप ते निघालं, ताईने शिकवलेलं. जाऊ नकोस. चावी इथेच कुठेतरी आहे. बाहेरून आईचा आवाज आला, अगदी आईचा, “बरं, थांबते.” तिने थांबायचं ठरवलं आणि ती पुढे तीस वर्षं थांबली, कवळी घालून चणे फोडत. त्याने स्टुलावर चढून खिळ्यावरची चावी काढली होती.

पॉलिशवालीचा मोबाइल अजून हातातच होता. तो वाचत नव्हता, नुसतं बोट फिरवत होता, आणि जुळतं-नाही जुळतंच्या त्या भांडणात एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. फोटो नसलेलं, आजच उघडलेलं खातं. “चूक. तो हे वाक्य म्हणत नाहीये,” एवढंच लिहिलं होतं. त्यावर लोक तुटून पडले होते. भाऊ, आधी पुस्तक वाचा, मग बोला. भाऊंनी उत्तर दिलं होतं, “पुस्तक मीच त्याला वाचून दाखवलंय. त्या पानावर मी खोटं वाचलं. तो माझं म्हणतोय.” मग तर लोकांनी कल्लाच केला. सांगा मग काय म्हणतोय ते, कृपा करून सांगा, आम्ही पाया पडतो. शेवटी पुन्हा तिचं, “नाही सांगणार. ते आमच्या घरातलं आहे.”

त्याने ते वाचलं आणि त्याच्या छातीतून असा काही हुंदका बाहेर आला की दारापलीकडे चाक थांबलं. तो रडला. गाल चावावा लागला नाही, काहीच करावं लागलं नाही, नाकातोंडातून पाणी येत होतं आणि थांबवायची इच्छाही होत नव्हती. आईसाठी रडला, ताईसाठी रडला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सुटकेने रडला. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालू लागलं होतं. आत कुणीतरी होतं. सगळा वेळ होतं, आणि आपलं काम करत होतं, फक्त याला कळवलं नव्हतं. पॉलिशवालीने दार किंचित उघडून बघितलं, पाण्याचा ग्लास जमिनीवर सरकवला आणि दार पुन्हा ओढून घेतलं. मालकांना तिने काय सांगितलं कोण जाणे, पण कोणी हाक मारली नाही.

त्याने तिवईवरचा आपला मोबाइल काढून ताईला फोन लावला. तिने लगेच उचलला. तिकडे कुकरची शिट्टी होत होती.

“तुझी ती माणसं फार आगाऊ आहेत,” ताई म्हणाली. “मला भाऊ म्हणतात.”

“भांडलीस की त्यांच्याशी.”

“मग. उगाच काहीही सांगतात. पोरीने खातं काढून दिलं. तिला वाटलं मी वेडी झाले.” नाक ओढल्याचा आवाज आला. “तू रडतोयस का?”

“हो.”

“रड,” ताई म्हणाली. “मी तेव्हा जे बोलले ना...”

“राहू दे.”

“नाही, राहू दे काय. बोलले ते बोलले. चुकले.” मग तिने कुकर बंद केला, खुर्ची ओढून बसली असावी. “तो सिनेमा लागेल तेव्हा माझंही तिकीट काढ.”

“तुला भीती वाटेल. यात मुडदे जवळून दाखवलेत.”

“वाटू दे. ते दाराचं आलं की मी डोळे मिटणार आणि तू मला सांगायचं काय चाललंय ते.”

त्याने बाहीने तोंड पुसलं. त्याला हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं.

“खरं सांगू,” त्याने विचारलं, “की तुझ्यासारखं?”

“माझ्यासारखं,” ताई म्हणाली.